ताई टिकतात ती अकादमी: पुण्यातील एका जिम्नॅस्टिक्स वर्गाचे परीक्षण

पुण्याच्या पश्चिम उपनगरातील ज्या जिम्नॅस्टिक्स अकादमीबद्दल मी लिहिते आहे, तिचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. या परीक्षणाचा मुख्य विषय तेथील उपकरणे किंवा पदके हा नसून तेथे शिकवणाऱ्या स्त्रियांची नोकरी हा आहे, आणि नाव दिले की कोणाचे बाळंतपण, कोणाचे मानधन आणि कोणाची अडलेली बढती यांची चर्चा चालली आहे हे परिसरातील प्रत्येक पालकाला कळेल. माझी मुलगी तेथे काही वर्षांपासून जाते. त्याआधी ती ज्या वर्गात जात होती तेथे मुलींना शिकवायला दर हंगामात नवी प्रशिक्षिका येत असे, आणि प्रत्येक नव्या ताईबरोबर मुलीची कार्टव्हील (हात टेकून बाजूला मारायची कोलांटी) पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. म्हणून ही अकादमी निवडताना मी एकच प्रश्न विचारला: येथे शिकवणाऱ्या स्त्रियांपैकी सर्वांत जुनी कोण आणि ती किती काळ येथे आहे? कार्यालयातील बाईंनी लगेच उत्तर दिले, की सर्वांत जुन्या ताई अकादमी सुरू झाली तेव्हापासून आहेत, मधल्या काळात त्यांना दोन मुले झाली आणि दोन्ही वेळा त्या परत आल्या. मी त्याच दिवशी प्रवेश घेतला, आणि मुलींना कोणत्याही खेळाच्या वर्गात घालणाऱ्या पालकांनी हाच प्रश्न आधी विचारावा असे माझे आजही मत आहे.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगते. वर्ग एका शिक्षणसंस्थेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात भरतो. छत पुरेसे उंच आहे. फ्लोअरची, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींची, मॅट पूर्ण मापाची नाही, पण चांगल्या अवस्थेत आहे. दोन बीम (तोल सांभाळायच्या अरुंद पट्ट्या) आहेत, त्यांतला एक जमिनीलगत. अनइव्हन बार्सचा (कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्यांचा) एक संच, व्हॉल्टचे म्हणजे धावत येऊन उडी मारायचे टेबल, एक लांब ट्रॅम्पोलिन आणि फोमचा खड्डा आहे. प्राथमिक गटाचे शुल्क महिन्याला साडेतीन हजार रुपये आहे, स्पर्धा-गटाचे त्याहून बरेच जास्त. आजूबाजूच्या वर्गांशी तुलना केली तर हे शुल्क महाग वाटेल, आणि ते का महाग आहे याचे उत्तर पुढे येईलच. वाहने लावायची सोय वाईट आहे. पालकांना बसायला गॅलरी आहे, परंतु आठवड्यातून एकच दिवस तेथे बसू देतात, आणि हा नियम मला योग्य वाटतो.

प्रशिक्षिका टिकणे हा पालकांच्या दृष्टीने सेवेचा भाग का आहे, हे जिम्नॅस्टिक्समध्ये जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या खेळात दिसत असेल. बीमची लांबी ५ मीटर, रुंदी १० सेंटिमीटर आणि उंची १.२५ मीटर असते. त्यावर मागे कमान टाकायला शिकणाऱ्या मुलीच्या कमरेखाली आणि खांद्यामागे प्रशिक्षिकेचा हात असावा लागतो, आणि तो हात कधी काढून घ्यायचा हे पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. कोणत्या मुलीचे डावे मनगट कमकुवत आहे, कोण भीती वाटली की बोलत नाही, कोण भीती वाटली की जास्तच बोलते, हे कळायला एखादे वर्ष जाते. ताई बदलली की हे सारे शहाणपण तिच्याबरोबर दाराबाहेर जाते. शिवाय अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलीच्या अंगात बदल सुरू होतात, उंची वाढून तोल बिघडतो, लिओटार्ड घालायचा संकोच वाटू लागतो, मासिक पाळी सुरू होते. आणि नेमक्या याच वयात अनेक मुली खेळ सोडतात. अशा वेळी नव्या माणसाला काही सांगण्यापेक्षा वर्ग बुडवणे सोपे वाटते. माझ्या मुलीच्या गटात या वयाच्या मुली अजून टिकून आहेत, आणि त्याचे श्रेय मी उपकरणांना देणार नाही.

या अकादमीकडे पाहताना बाहेरचे चित्र काय आहे तेही लक्षात घ्यायला हवे. पॅरिस येथे २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या जागा स्त्री-पुरुषांमध्ये निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या, परंतु तेथे आलेल्या प्रशिक्षकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते, आणि त्याआधीच्या टोकियो स्पर्धेतही ते तेवढेच होते. आपल्याकडे प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी कुस्तीसाठी भालचंद्र भास्कर भागवत यांना मिळाला. स्त्रीला तो पहिल्यांदा मिळायला २००२ साल उजाडले, तेव्हा ॲथलेटिक्सच्या रेणू कोहली यांचा सन्मान झाला. स्त्रिया शिकवायला येतच नाहीत असे मुळीच नाही. कोणत्याही उन्हाळी शिबिरात डोकावले तर शिकवणाऱ्यांमध्ये वीस-बावीस वर्षांच्या मुली भरपूर दिसतात, मात्र तिशीनंतर त्या दिसेनाशा होतात. त्यामुळे एखादी अकादमी किती स्त्रियांना नेमते यापेक्षा तिशी ओलांडलेल्या किती स्त्रिया तेथे काम करतात, हे मोजणे अधिक प्रामाणिक ठरेल.

या अकादमीने जे केले आहे त्यात फार मोठी कल्पकता नाही. पहिली गोष्ट पैशाची आहे. या क्षेत्रात प्रशिक्षिकेला बहुधा डोईमागे किंवा तासामागे मानधन मिळते, म्हणजे परीक्षांच्या महिन्यात मुली आल्या नाहीत की तिचे उत्पन्न निम्म्यावर येते, आणि मे महिन्यात शिबिरांमुळे ते एकदम वाढते. घरखर्चात ज्या स्त्रीच्या उत्पन्नाकडे आधीच ‘वरचे पैसे’ म्हणून पाहिले जाते, तिचे काम असे हंगामी असले की पहिली अडचण येताच घरातले लोक तिला सोडून दे म्हणतात, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे फारसे चुकलेले नसते. येथे कायम प्रशिक्षिकांना बारा महिने ठरलेला पगार मिळतो आणि शिबिराचे पैसे त्यावर वेगळे मिळतात. शुल्क महाग असण्याचे मुख्य कारण हेच आहे, असे संचालकांनी पालकसभेत स्पष्ट सांगितले, आणि मला ते पटले.

दुसरी गोष्ट वेळेची आहे, आणि या व्यवसायाची खरी गाठ तेथेच आहे. मुले शाळेतून सुटतात तेव्हा प्रशिक्षिकेचे काम सुरू होते. संध्याकाळी साडेचार ते साडेआठ ही वेळ म्हणजे तिच्या स्वतःच्या घरी मुलांचा अभ्यास, स्वयंपाक आणि सासू-सासऱ्यांचे जेवण यांचीही वेळ. पुरुष प्रशिक्षक याच वेळेत काम करतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही, हे खरे असले तरी ते अकादमीला बदलता येणार नाही. वेळापत्रक मात्र बदलता येते. येथे प्रत्येक गटाला दोन प्रशिक्षिका जोडीने दिलेल्या आहेत, आणि त्या दोघींनी आपापसांत ठरवून आठवड्यातल्या काही दिवशी लवकर निघायचे असते. लहान मूल असलेल्या ताईला शेवटची बॅच दिली जात नाही. जोडीचा आणखी एक फायदा माझ्या उशिरा लक्षात आला: एक ताई आजारी पडली किंवा रजेवर गेली तरी मुलींना ओळखणारी दुसरी समोर असते, त्यामुळे रजा घेणारीला अपराधी वाटत नाही आणि पालकही कुरकुर करत नाहीत.

बाळंतपणाच्या बाबतीत जिम्नॅस्टिक्सची अडचण इतर खेळांहून मोठी आहे. आधार देणे म्हणजे तीस-पस्तीस किलोची मुलगी दिवसातून शेकडो वेळा हातावर पेलणे, आणि गर्भवती स्त्रीला ते करता येत नाही. बाळंतपणानंतरही पाठ आणि पोटाचे स्नायू पूर्ववत व्हायला बराच काळ लागतो. बहुतेक ठिकाणी आधार देता येत नाही म्हणजे काम करता येत नाही असे धरले जाते आणि तेथेच नोकरी संपते. या अकादमीत जुन्या ताईंना त्या महिन्यांत फ्लोअरच्या रचना बसवण्याचे काम दिले गेले. ही रचना संगीतावर जास्तीत जास्त ९० सेकंदांची असते आणि ती बसवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्याबरोबरच चित्रफिती पाहून मुलींच्या चुका टिपणे, गुणांकनाचे नियम समजावून सांगणे आणि नवीन प्रशिक्षिकांना शिकवणे ही कामेही त्यांच्याकडे आली. परत आल्यावर त्यांचा गट त्यांनाच मिळाला. हे शेवटचे वाक्य सहज वाचून जाण्यासारखे आहे, पण अनेक प्रशिक्षिकांची कारकीर्द याच एका मुद्द्यावर संपलेली असते, कारण रजेच्या काळात नेमलेली व्यक्ती गटाची मालक होऊन बसते आणि परतलेलीला पुन्हा चार वर्षांच्या मुलांच्या उड्या मोजायला बसवतात.

येथे कायद्याचा थोडा विचार आवश्यक आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. गंमत अशी, की कायदा कोणाला लागू होतो हे सांगताना त्यात घोडेस्वारीचे, कसरतींचे आणि तत्सम खेळ दाखवणाऱ्या आस्थापनांचा वेगळा उल्लेख होता. म्हणजे सर्कशीत कोलांट्या मारणारी स्त्री कायदा करणाऱ्यांना आठवली होती. कोलांट्या शिकवणारी स्त्री मात्र प्रत्यक्षात बाहेरच राहते, कारण दुकाने आणि इतर आस्थापनांसाठी दहा कर्मचाऱ्यांची अट आहे, बहुतेक अकादम्यांत तेवढी माणसे नसतात, आणि असली तरी ती कर्मचारी म्हणून नव्हे तर मानधनावर ‘बाहेरची’ म्हणून दाखवलेली असतात. या अकादमीतही दोन तरुण प्रशिक्षिका अजून मानधनावरच आहेत आणि त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला जात नाही. जुन्या ताईंना जे मिळाले ते नियम म्हणून मिळाले की संचालकांचा स्वभाव चांगला आहे म्हणून मिळाले, असा प्रश्न त्यामुळे उरतो. मी लेखी धोरण मागितले, तेव्हा ‘आपल्याकडे तसे काही लागत नाही’ असे उत्तर आले. लागते. संचालक उद्या बदलू शकतात.

पाळणाघर नाही, परंतु सभागृहालगतच्या एका खोलीत ताईंची मुले सेविका मावशींच्या नजरेखाली बसतात, चित्रे काढतात आणि कंटाळा आला की मॅटवर येऊन लोळतात. काही पालकांनी त्यावर आक्षेप घेतला होता. मुलींचे लक्ष विचलित होते असे त्यांचे म्हणणे होते. मला तसे कधी दिसले नाही. उलट आपली ताई आईही आहे आणि आपल्याला शिकवतेही आहे, हे मुलींनी रोज डोळ्यांनी पाहणे मला आवडते.

पालकांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट नोंदवते. प्रशिक्षिका काम सोडून का जातात याची कारणे शोधताना व्यवस्थापन आणि सासर यांच्याकडे बोट दाखवले जाते, आणि आपण पालक सुटतो. ‘माझ्या मुलीला मागच्या रांगेत का उभे केले’ असा संदेश रात्री साडेदहाला सरांना कोणी पाठवत नाही, ताईंना मात्र निःसंकोच पाठवतात. या अकादमीत प्रशिक्षिकांचे खासगी क्रमांक पालकांना दिले जात नाहीत. तक्रार कार्यालयाकडे लिहून द्यावी लागते आणि उत्तर ठरलेल्या दिवशी मिळते. सुरुवातीला मला हा ताठरपणा वाटला. आता तो सेवेतील उत्तम भाग वाटतो.

स्पर्धेसाठी बाहेरगावी जाण्याची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. २०२२ मध्ये भारताच्या एका महिला सायकलपटूने परदेशातील सरावशिबिरात प्रशिक्षकाच्या वर्तनाविरुद्ध तक्रार केल्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने राष्ट्रीय संघटनांना सांगितले, की ज्या पथकात महिला खेळाडू असतील त्यात महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे. हा आदेश राष्ट्रीय पथकांपुरता आहे, छोट्या अकादम्यांना तो लागू नाही. तरीही येथे मुलींच्या संघाबरोबर किमान एक ताई जातेच, आणि तिचे मूल लहान असेल तर मुलाबरोबर आजी किंवा अन्य कोणी नातेवाईक आणण्याचा प्रवासखर्च अकादमी देते. हा खर्च मोठा नाही. पण तो नसला की त्या ताईला प्रत्येक स्पर्धेच्या वेळी घरी विनवणी करावी लागते, दोन-तीन वेळा नकार आला की तिचे नाव यादीतून आपोआप गळते, आणि मग ‘त्यांना प्रवास जमत नाही’ असा शेरा कायमचा चिकटतो.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट समावेश केलेला आहे, आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. या अकादमीच्या सूचनाफलकावर ही माहिती मराठीत लावलेली आहे, मुलांसाठीच्या मदत-क्रमांकासह. मी पाहिलेल्या अन्य कोणत्याही वर्गात मला असा फलक दिसलेला नाही. फलक लावल्याने सर्व काही ठीक होते असे नाही, पण तरुण प्रशिक्षिकेला आणि मुलींना कोठे बोलायचे ते निदान ठाऊक होते.

पुढील शिक्षणाच्या बाबतीत अकादमीचे वागणे बरे आहे, उत्तम नाही. आपल्याकडे प्रशिक्षकाची प्रतिष्ठित पदविका म्हणजे पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची. ती शैक्षणिक वर्षभराची आहे, आणि ज्या स्त्रीचे मूल शाळेत जाते तिने वर्षभर पतियाळाला जाऊन राहणे म्हणजे घरादाराची घडी मोडणे. त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, पण तो बहुधा उन्हाळ्यातच येतो, म्हणजे नेमका शिबिरांच्या कमाईच्या दिवसांत. अकादमी अशा अभ्यासक्रमाचे शुल्क भरते आणि त्या काळातला पगारही देते. बदल्यात दोन वर्षे नोकरी न सोडण्याचे लिहून घेते. ही अट मला थोडी जाचक वाटते, कारण बांधून ठेवणे आणि टिकवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय संघटनेची गुणांकन-संहिता दर चार वर्षांच्या ऑलिंपिक चक्राबरोबर बदलते, सध्याची २०२५ ते २०२८ साठी आहे, आणि त्या बदलाच्या वेळी रजेवर असलेली प्रशिक्षिका परत येते तेव्हा प्रत्येक कसरतीच्या अवघडपणाला मिळणारी मूल्येच बदललेली असतात. जुन्या ताई दुसऱ्या बाळंतपणानंतर परतल्या तेव्हा त्यांच्यासाठी नव्या संहितेची उजळणी ठेवली होती आणि तीत पुरुष प्रशिक्षकांनाही बसवले होते. हा विचार ज्याने केला त्याचे कौतुक केले पाहिजे, कारण ‘मागे पडलेलीला शिकवणे’ असे त्याचे स्वरूप राहिले नाही.

आता मुख्य तक्रार. या अकादमीत ताई टिकतात, पण वर चढत नाहीत. प्राथमिक गट ताईंकडे, मध्यम गट ताईंकडे, आणि मुलगी राज्यस्तरावर जाण्याइतकी तयार झाली की ती ‘सरांकडे’, म्हणजे पुरुष प्रशिक्षकाकडे, जाते. प्रवेशद्वाराजवळच्या पदकविजेत्यांच्या फलकावर प्रत्येक मुलीच्या छायाचित्राखाली प्रशिक्षक म्हणून सरांचेच नाव आहे. सर वाईट नाहीत; त्यांचे तांत्रिक ज्ञान चांगले आहे आणि वागणे सभ्य आहे. पण ज्या मुलीला हॅन्डस्टँडपासून बीमवरच्या बॅक वॉकओव्हरपर्यंत (मागे कमान टाकून पलटण्यापर्यंत) ताईंनी सात वर्षे घडवले, तिच्या नावाखाली ताईंचे नाव नसणे ही हिशेबातली चूक आहे. पुढच्या नेमणुका, पुरस्कारांचे अर्ज आणि सरकारी योजनांतील पात्रता या गोष्टी ‘कोणता खेळाडू घडवला’ या एका रकान्यावर ठरतात, आणि तो रकाना ताईंच्या बाबतीत कोराच राहतो.

ही रीत केवळ या सभागृहातील नाही. भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिला अगदी लहानपणी शिकवायला सुरुवात करणाऱ्यांमध्ये सोमा नंदी होत्या. जगाला ठाऊक झाले ते तिचे प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी. दुसरी जिम्नॅस्ट प्रणती नायक हिला मिनारा बेगम यांनी लहानपणापासून घडवले आणि २०१९ मध्ये तिने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचे कांस्यपदक मिळवले. टोकियो ऑलिंपिकपर्यंत मिनारा बेगम निवृत्त झाल्या होत्या आणि तिच्याबरोबर दुसरे प्रशिक्षक गेले. प्रत्येक बाबतीत कारणे वेगळी असतील, पण पाया घालणारी स्त्री आणि कळस चढवणारा पुरुष ही मांडणी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिच्याबद्दल कोणी विचारतही नाही. अमेरिकेत तर १९७२ च्या समान संधीच्या कायद्यानंतर विद्यापीठांतील महिला संघांना पैसा आणि प्रतिष्ठा मिळू लागली, आणि तोवर ९० टक्क्यांहून अधिक महिला संघांना स्त्रिया शिकवत होत्या, ते प्रमाण पुढे निम्म्याच्याही खाली गेले. पगार वाढला तशी पुरुषांची रांग लागली. आमच्या अकादमीतही पहिली राज्यस्तरीय पदके ताईंच्याच हाताखाली आली होती, आणि सरांची नेमणूक त्यानंतरची आहे.

याच्या उलटही घडू शकते याचे उदाहरण याच खेळात आहे. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला लहानपणापासून शिकवणाऱ्या एमी बोरमन टेक्सासमधल्या एका साध्या वर्गातील प्रशिक्षिका होत्या. तिच्याआधी त्यांनी त्या पातळीवरची खेळाडू घडवलेली नव्हती. मुलगी पुढे गेली म्हणून तिला दुसऱ्याकडे सोपवण्याऐवजी त्याही तिच्याबरोबर शिकत पुढे गेल्या, तीन मुलगे वाढवत त्यांनी तिला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत नेले, आणि तेथे अमेरिकेच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षकही त्याच होत्या. आणि जिला वर जाऊ दिले जात नाही ती कोठे जाते, याचे उत्तर कबड्डीत मिळते. नाशिकच्या शैलजा जैन यांनी अनेक वर्षे खेळाडू घडवल्या, भारतीय महिला संघाचे प्रशिक्षकपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. त्या इराणला गेल्या, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने दोन वेळच्या विजेत्या भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक घेतले.

ही तक्रार मी पालकसभेत मांडली तेव्हा संचालकांनी दिलेले उत्तर मला आवडले नाही, पण ते खोटेही म्हणता येत नाही. ते म्हणाले, की स्पर्धा-गट ताईंकडे दिला तर पालकच विचारतात, ‘सर कधी शिकवणार?’ सभेत तेव्हा थोडी शांतता झाली, कारण तसे विचारणारे त्याच खोलीत बसले होते. तरीही ग्राहकाच्या पूर्वग्रहामागे दडणे हे व्यवस्थापनाचे काम नव्हे. महाराष्ट्रातच पाहा: पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले, त्याला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, पनवेलच्या सुमा शिरूर यांना तो २०२२ मध्ये मिळाला. दोघीही २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतः खेळलेल्या. ठाण्यात पूजा सुर्वे यांच्या हाताखाली संयुक्ता काळे रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये (फीत, चेंडू अशी साधने घेऊन संगीतावर करायच्या प्रकारात) राष्ट्रीय स्तरावर चमकली. रिदमिक हा प्रकार मुलींचाच असल्यामुळे तेथे सरांकडे सोपवण्याचा प्रश्न सहसा येत नाही, हे खरे. पण त्यातून एवढे तरी सिद्ध होते की सोपवले नाही तरी मुली पुढे जातात.

लहानसहान उणिवाही आहेत. मे महिन्याच्या शिबिरात ताईंना सकाळी सहापासून रात्रीपर्यंत राबवले जाते आणि तेव्हा जोडीची सारी व्यवस्था कोलमडते. तात्पुरत्या नेमलेल्या तरुण मुलींना त्या महिन्यात पुरेसे प्रशिक्षण न देता आधार द्यायला उभे करतात, हे मला धोक्याचे वाटते आणि मी माझ्या मुलीला शिबिराला पाठवत नाही. प्रशिक्षिकांसाठी स्वतंत्र कपडे बदलण्याची खोली आहे, ती स्वच्छ असते. मुलींची स्वच्छतागृहे मात्र शाळेची असल्यामुळे संध्याकाळपर्यंत पाणी संपलेले असते. ताईंना आपसांत बोलायला, शिकायला त्यांच्याहून अनुभवी स्त्री अकादमीबाहेर कोणी नाही. शहरातल्या दोन-तीन अकादम्यांनी मिळून तशी व्यवस्था केली तर खर्च जवळजवळ शून्य येईल, आणि हे मी कार्यालयाला लिहूनही दिले आहे.

सहा ते बारा वर्षांच्या मुलीसाठी ही अकादमी मी निःसंकोच सुचवेन, शुल्क जास्त असूनही. स्पर्धेच्या पातळीवर जाणाऱ्या मुलीच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारावे, की गट बदलल्यावर तिची आताची प्रशिक्षिका तिच्याबरोबर राहणार का, आणि फलकावर कोणाचे नाव लागणार. गेल्या पालकसभेनंतर संचालकांनी जुन्या ताईंना स्पर्धा-गटाच्या सहप्रमुख करण्याचे मान्य केले आहे. पत्र अजून निघालेले नाही. तोपर्यंत माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. नवे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, चाचणीचा वर्ग शनिवारी असतो, आणि मुलीला न जेवता आणावे अशी कार्यालयाची सूचना आहे.